डब्यातली तूट पगारातून भरू का?

पत्र थोडक्यात असं: अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ताई, वय ३८, रुग्णालयात परिचारिका. जानेवारीत मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) महिला मंडळाचं खजिनदारपद त्यांच्याकडे आलं. आधीचा कारभार कित्येक वर्षं ७१ वर्षांच्या एका मावशींकडे होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि दोनशेपानी वही, एवढंच त्यांचं ऑफिस. सभासद महिन्याला वीस रुपये वर्गणी देतात. बऱ्याचजणी कांदा काढणीला, खुरपणीला जाणाऱ्या. बँकेतली शिल्लक वहीशी जुळली, डब्यातली जुळेना. वहीप्रमाणे ११,६४० हवेत, निघाले ७,३८०. तळाशी नोटाबंदीत बाद झालेल्या पाचशेच्या दोन नोटा होत्या, त्या वेगळ्या. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "असतील इथंच कुठंतरी. मी काय खाल्ले का?" त्यानंतर त्या बैठकीला यायच्या बंद झाल्या. अध्यक्षीणबाई म्हणतात, "प्रीती पापांची रास झाकून टाकते, विषय वाढवू नका." यजमान म्हणतात, "चार हजारांचा तर प्रश्न, पगारातून टाक आणि मोकळी हो." तसं करावं का, असं ताई विचारतात. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "मला आजाऱ्यांच्या भेटीची, प्रार्थनेची सेवा करायची होती, आणि मी या डब्यात अडकून पडले."

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. पैसे भरू नका. गुपचूप तर नकोच नको. तुमच्या यजमानांच्या मनात वाईट काही नाही, बायकोच्या डोक्याचा ताप जावा एवढंच त्यांना वाटतंय. पण ४,२६० रुपये डब्यात टाकलेत, तर वहीत काय लिहाल? 'शिल्लक बरोबर' असंच ना? ती बरोबर नव्हती. म्हणजे तुमच्या कारभारातली पहिलीच नोंद खोटी होणार, आणि पुढच्या खजिनदाराच्या हातात तुम्ही ती खरी म्हणून देणार.

"जो थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू" हे वचन आपल्याकडे संडे स्कूलच्या तक्त्यापासून निरोप समारंभापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. बायबलात लूकच्या १६ व्या अध्यायात ते कुठल्या गोष्टीला जोडून येतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्याच्या आधी अन्यायी कारभाऱ्याचा दृष्टांत आहे. (त्यावर उपदेश करायची पाळी आली की पाळकसाहेब जरा घाईत असतात. दोष देत नाही, दृष्टांत अवघडच आहे.) त्या कारभाऱ्यानं चोरीछपे पैसे उचलले असं तिथं म्हटलेलं नाही. धन्याच्या कर्जदारांना बोलावून त्यानं कागद बदलून घेतले: तेलाच्या शंभराचे पन्नास लिहा, गव्हाच्या शंभराचे ऐंशी लिहा. सगळा खेळ हिशेबाच्या कागदावरचा. आणि लगेच पुढं प्रभू विचारतो की दुसऱ्याच्या मालात तुम्ही विश्वासू नसाल, तर तुमचं स्वतःचं तुम्हाला कोण देईल?

दुसऱ्याचा माल. तिथंच तुमच्या प्रश्नाची गाठ आहे. डब्यातला पैसा मावशींचा नव्हता, तुमचा नाही, अध्यक्षीणबाईंचाही नाही. वीस रुपयांच्या हिशेबानं ४,२६० म्हणजे २१३ वर्गण्या. उन्हात वाकून कांदा उपटणाऱ्या बाईच्या कनवटीच्या त्या वर्गण्या आहेत. त्या बायकांना न सांगता तूट माफ करण्याचा अधिकार तुम्हा तिघींपैकी कुणाकडेच नाही. झाकण्याचाही नाही. आणि 'चार हजारांचाच तर प्रश्न' हे पगारदार माणसाचं वाक्य झालं.

आता अध्यक्षीणबाईंच्या वचनाकडे येते, कारण तुम्हाला खरं तेच बोचतंय. पेत्रानं लिहिलंय खरं, प्रीती पापांची रास झाकून टाकते. पण इथं पाप कुठलं? कुणी सिद्ध केलं? अजून एवढंच कळलंय की एक आकडा दुसऱ्या आकड्याशी जुळत नाही. तुम्ही गुपचूप पैसे भरलेत, की मावशींना मनातल्या मनात चोर ठरवून मगच भरलेत असा त्याचा अर्थ होतो. त्यांना बोलायची संधी न देता, चौकशी न करता, वर उपकार करून. आणि गावात अशा गोष्टी राहत नाहीत हो. वर्षभरात कुणीतरी कुजबुजणारच, "मावशींचं ताईंनी भरलं म्हणे." मग मावशींची उरलीसुरली पतही जाईल, आणि ती परत मिळवायला त्यांच्याकडे वहीचा आधारसुद्धा उरणार नाही, कारण वही तर बरोबर दिसत असेल. त्यांचं नाव निघू नये असं वाटत असेल, तर त्यांच्या बाजूनं हिशेब लावून बघणं हाच त्यातल्या त्यात मायेचा रस्ता आहे.

लावून बघू. तुम्ही वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत.

तळातल्या दोन नोटांपासून सुरुवात करा. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या बाद झाल्या, पण वहीतून त्या कधी वजा झालेल्या दिसत नाहीत. शिल्लक पानावरून पानावर तशीच ओढत आली आहे. म्हणजे हजार रुपये इथंच सापडले. कुणी खाल्ले नाहीत, ते नोटाबंदीत गेले. राहिले ३,२६०.

मग कापणीच्या सणाचं पान उघडा. (कुठं त्याला हंगामाचा सण म्हणतात, कुठं सुगीचा.) तिथं एकच ओळ आहे: 'लिलाव, ५,१५०'. नावं नाहीत. आता आपल्याकडचा लिलाव कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणी गावरान कोंबडी आणतं, कुणी पहिल्या तोड्याची वांगी, कुणी केक. तीनशेला घेतलेला भोपळा घेणारा माणूस पुन्हा वेदीपाशी ठेवतो, तो पुन्हा दोनशेला जातो, सगळे टाळ्या वाजवतात. उत्साहात बोली चढते आणि खिशात मात्र शंभराची नोट असते. "मावशी, लिहून ठेवा, पगार झाला की देतो." मावशींनी बोलीची बेरीज त्याच दिवशी जमा म्हणून धरली असेल, तर वहीत ५,१५० आणि हातात त्याहून बरेच कमी. माझा हा अंदाज आहे, पण मंडळ्यांचे हिशेब जिथं जिथं बिनसतात तिथं लिलावाची उधारी बहुतेक वेळा असतेच. त्या दिवशी लिलाव पुकारणाऱ्या भाऊंना विचारा, त्यांना कोंबडी कुणी घेतली ते नक्की आठवत असेल. असल्या गोष्टी माणूस विसरत नाही.

तिसरी जागा म्हणजे न लिहिलेली मदत. मयताच्या घरी पहिल्या दिवशी लागलेला चहा-साखरेचा खर्च, कुणाच्या बाळंतपणाला रिक्षाचं भाडं, अडल्यानडलेल्या बाईला दिलेले हातउसने दोनशे. अशा बाईचं नाव वहीत यायला नको म्हणून मावशींच्या पिढीतल्या बायका मुद्दाम लिहीत नसत. तो त्यांचा मोठेपणाच होता, फक्त पैसा त्यांचा नव्हता.

आणि फोटोत आणखी एक गोष्ट दिसली. गेल्या जूनपर्यंत मावशींचं अक्षर रेघेवर सरळ बसलेलं आहे. त्यानंतर ते रेघ सोडून खाली उतरायला लागतं, सहा आणि नऊ ओळखू येत नाहीत, दोन ठिकाणी एकाच ओळीवर दुसरी ओळ लिहिलेली आहे. ताई, हे माझ्यापेक्षा तुम्हाला लवकर कळायला हवं. मोतीबिंदू असेल, साखर वाढली असेल, आणखी काही असेल. त्यांना डोळ्यांच्या ओपीडीत नेणं हेही आता तुमच्या खजिनदारपणात आलंच म्हणायचं.

तेव्हा मावशींकडे जा. एकट्या जा. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात भाऊ चुकला तर आधी त्याला एकांतात भेट असं सांगितलंय. चूक झालीय की नाही हेच ठाऊक नसताना तर एकांत अधिकच हवा. संध्याकाळी, त्यांचं जेवणखाण उरकल्यावर. आधी विचारलंत तेव्हा तुम्ही कसं विचारलंत ते पत्रात नाही, पण "कमी कसे आले?" असं काहीसं असावं, त्याला "मी खाल्ले का?" हेच उत्तर येणार. या वेळी वही पुढ्यात ठेवून म्हणा, "मावशी, मला तुमची वही वाचता येत नाहीये, जरा समजावून द्या." हे खोटंही नाही. लिलावाचं पान काढा आणि त्यांना बोलू द्या. त्या सांगतील ती नावं वेगळ्या कागदावर तारखेसह उतरवा, त्यांच्या वहीत खाडाखोड करू नका. त्यांची वही आहे तशीच राहू द्या. तिच्या शेवटी रेघ मारून तुमची वही नवी सुरू करा.

एवढं करूनही काही रक्कम जुळणार नाही. मग ती 'न जुळलेली तूट' म्हणून लिहा आणि मंडळासमोर ठेवा. मंडळानं ठराव करून ती सोडून दिली की विषय संपला. माफी द्यायचीच असेल तर ज्यांचे पैसे आहेत त्यांनी द्यावी, आणि माझा अनुभव असा की कष्टकरी बायका याबाबतीत आपल्यापेक्षा मोकळ्या मनाच्या असतात. त्यानंतर तुम्हाला पाचशे-हजार द्यावेसे वाटले तर खुशाल द्या, पण देणगी म्हणून, तुमच्या नावावर, पावती फाडून.

आणि समजा मावशींनी नातवाच्या फीला किंवा औषधाला ते पैसे वापरले असतील तर? तेही होऊ शकतं, म्हणून बोलून ठेवते. मग त्यांनी जमेल तसे, महिन्याला दोनशे का होईना, परत करावेत, नाहीतर मंडळाला तसं सांगून माफी मागावी. गोष्ट तुम्ही, अध्यक्षीणबाई आणि मावशी यांच्यात ठरावी, मंडळापुढं मावशींनी स्वतःच्या तोंडानं सांगावी. उपासनेत जाहीर बिलकूल नको.

यापुढं काय, हा प्रश्न मला तुटीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पत्रात तुम्ही लिहिलंय, "दोघींनी पैसे मोजायचं सुचवलं तर बायका म्हणतात, देवाच्या कामात एवढा संशय कशाला?" तुमच्या वॉर्डात ड्यूटी बदलताना कुलपातली मॉर्फिनसारखी औषधं दोघी मिळून मोजतात आणि रजिस्टरवर दोघींच्या सह्या होतात. रात्रपाळीच्या सिस्टरनं कधी म्हटलंय का, माझ्यावर संशय घेता म्हणून? उलट त्या सहीमुळं ती निर्धास्त घरी जाऊन झोपते. मावशींना कुणीच ही सोय दिली नाही. इतकी वर्षं सगळ्यांनी "मावशी आहेत ना" म्हणून डबा त्यांच्या गळ्यात बांधला आणि आता कमी आलं तर त्यांच्याकडे बघतायत. हा संशयापेक्षा वाईट प्रकार आहे.

प्रेषित पौलासारखा माणूस यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेली मदत एकटा घेऊन गेला नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, तो तीताबरोबर आणखी भाऊ पाठवतोय, त्यातला एक तर मंडळ्यांनीच निवडलेला. कारणही सरळ सांगतो: एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी आम्हाला दोष लावू नये, आणि प्रभूच्याच नव्हे, माणसांच्या दृष्टीनंही जे योग्य ते आम्ही करतो. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाकडे शिष्यांची थैली होती, ती मात्र एकट्याकडे. तो त्यातले काढून घेई असं योहान लिहितो. आणि शेवटच्या रात्री तो उठून बाहेर गेला तेव्हा बाकीच्यांना वाटलं, सणाची खरेदी करायला चाललाय.

तुम्हाला कुणीतरी २ राजे १२ वा अध्याय दाखवेल, म्हणून तोही वाचून ठेवा. त्यात मंदिराच्या दुरुस्तीच्या कारागिरांना पैसे देणाऱ्या माणसांकडून हिशेब घेत नसत, कारण ते विश्वासूपणे वागत, असं एक वाक्य आहे. वाचून बायका खूश होतात. पण त्याच्या वरची नऊ-दहा वचनं वाचा. योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी दुरुस्ती केलीच नव्हती. मग यहोयादा याजकानं एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं, वेदीजवळ ठेवली; पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं येऊन पैसे मोजत आणि पिशव्यांत बांधत. आधी दोघांनी मोजलं, मग भरवसा टाकला. आणि जुन्या याजकांना कुणी फासावर चढवलं नाही, फक्त पद्धत बदलली.

आपल्या महाराष्ट्रातलं सांगायचं तर पंडिता रमाबाईंचं बघा. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली, दहा वर्षं मदत करायचं तिनं कबूल केलं, आणि त्या पैशावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. असोसिएशनचे वार्षिक अहवाल छापले जात, त्यात खजिनदाराचा हिशेब असे. श्रद्धेत कमी पडणारी ही बाई नव्हे; पुढं केडगावच्या मुक्ति सदनात दुष्काळातल्या शेकडो मुली तिनं सांभाळल्या.

पद्धत म्हणून फार काही नको. डबा उघडताना दोघी हव्यात, त्या एकाच घरातल्या नसाव्यात. मोजल्याबरोबर, घरी नेण्याआधी, आकडा वहीत आणि दोन सह्या. लिलावाला वेगळी वही: वस्तू, नाव, बोली, मिळाले, बाकी. बोली म्हणजे जमा नव्हे, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. हजाराच्या वर रक्कम गेली की आठवड्याच्या आत बँकेत. कुणाच्या अडचणीला गुप्त मदत द्यायची तर मंडळानं महिन्याला ठरावीक रक्कम मंजूर करावी, वहीत फक्त 'मदत' लिहावं, नाव खजिनदार आणि अध्यक्षा दोघींना ठाऊक असावं. आणि हल्ली जो क्यूआर कोड भिंतीवर चिकटवतात तो कुणाच्या खात्याचा आहे ते बघा. तो सेक्रेटरींच्या मुलाच्या खात्याचा निघाल्याची उदाहरणं माझ्याकडे येतात, सगळी प्रामाणिक माणसं, आणि सगळी अडचणीत. तुमची मंडळी नोंदणीकृत न्यासाखाली असेल तर महिला मंडळाचा आकडा ३१ मार्चला मंडळीच्या हिशेबात जातो का, हेही मंडळीच्या खजिनदारांना विचारून घ्या. तरुण संघ, भजनी मंडळ, बचत गट, गणेश मंडळ, जिथं जिथं एकाच भल्या माणसाच्या घरी पैसा राहतो, तिथं हेच लागू आहे.

राहिली तुमची शेवटची ओळ. वाचून मला वाटलं, तुम्ही मनात एक जिना धरून बसला आहात: आधी डबा, त्यात पास झालं की प्रार्थनेची, वचनाची मोठी सेवा. मत्तयातल्या तालांतांच्या दृष्टांतावरून (धनी चाकरांकडे आपले पैसे सोपवून जातो, ती गोष्ट) आपल्याला असंच शिकवतात, थोडक्यात विश्वासू राहिलास म्हणून पुष्कळावर नेमतो. पण तिथला धनी 'थोडकं' कशाला म्हणतोय ते बघा. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. पाच तालांत म्हणजे मजुराची ऐंशी-शंभर वर्षांची कमाई, आणि धन्याला ते थोडकं वाटतं! लहान-मोठं मोजायचं त्याचं माप आपल्याकडे नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, तेव्हा सात माणसं निवडली. काम जेवण वाढायचं, आणि अट काय? आत्म्यानं आणि ज्ञानानं भरलेली. विधवेनं दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) टाकल्या तेव्हाही प्रभू भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते बघत होता. दानपेटीकडे बघत बसणं त्याला हलकं वाटलं नाही.

तरीही तुम्हाला आजाऱ्यांकडे जायची ओढ असेल तर जा, त्यासाठी खजिनदारपद सुटायची वाट कशाला? आणि वर्षभरानंतरही हे काम जड वाटलं तर सरळ सांगून सोडा. नकोशा कामाला चिकटून राहणं म्हणजे विश्वासूपणा असं कुणी सांगितलेलं नाही. सोडताना मात्र पुढचीसमोर बसून डबा मोजून द्या.

सध्या मावशींची भेट, मग अध्यक्षीणबाईंना एकांतात सगळं सांगणं, मग बैठक, याच क्रमानं जा. अध्यक्षीणबाईंना बैठकीत पहिल्यांदा कळलं तर त्या दुखावतील आणि विषय भलतीकडे जाईल. मावशींना बैठकीला आणायला स्वतः जा. विषयपत्रिकेत 'तूट' हा शब्द नको, 'जुन्या वहीचा मेळ आणि नवी पद्धत' असं लिहा. दोघींच्या सहीचा ठराव मांडायला एकीला आणि अनुमोदन द्यायला दुसरीला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी सगळ्या एकमेकींकडे बघत बसतात आणि चहा येतो.